तुम्ही विचारलंत म्हणून: ‘पळते किती?’

‘रिमोटची गाडी बनवता म्हणे तुम्ही. पळते किती?’ पार्किंगमधली पोरं विचारतात, पुण्यातल्या तळजाई टेकडीवर फिरायला आलेले काका विचारतात, आणि नातेवाइकांकडे जेवायला गेलो की आमटी वाढता वाढता कुणीतरी विचारतंच. माझं उत्तर ठरलेलं आहे: माणूस रमतगमत चालतो तेवढी. ताशी ४-५ किलोमीटर. यावर समोरच्याचा चेहरा असा काही पडतो की पुढचं सांगायचं राहूनच जातं. पोरं तर सरळ म्हणतात, ‘एवढीच?’ एवढीच. पण ती एवढीच पळावी म्हणून जेवढी डोकेफोड केली, तेवढी ती सुसाट सुटावी म्हणून करावी लागली नसती. तुम्ही विचारलंतच आहे, तर आज सविस्तर सांगतो.

आधी गाडी कोणती ते. १९५१ सालची शेवरोले ३१०० पिकअप, मूळ गाडीच्या एक दशांश मापाची. फुगीर बॉनेट, मधे दांडा असलेली दोन तुकड्यांची पुढची काच, पाच आडव्या पट्ट्यांची जाळी, गालफुगे मडगार्ड. जनरल मोटर्सने हा साचा १९४७ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत बाजारात आणला आणि १९५५ च्या सुरुवातीपर्यंत चालवला. मूळ ट्रक अर्धा टन माल वाहणाऱ्या वर्गातला, व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या धुऱ्यांमधलं अंतर) ११६ इंच, म्हणजे २९५ सेंटिमीटरच्या आसपास. माझ्या गाडीचा साडेएकोणतीस. मूळ गाडीत सहा सिलिंडरचं २१६ घनइंची इंजिन, स्टीअरिंगच्या दांड्यावर तीन गिअर, पायाने दाबायचा स्टार्टर, आणि विजेचा सगळा कारभार ६ व्होल्टवर. माझ्या गाडीची बॅटरी ७.४ व्होल्टची आहे. तेवढ्या एका बाबतीत धाकटी थोरलीच्या पुढे.

आता वेग. असा ट्रक भरल्या हौद्याने गावातल्या रस्त्यावरून ताशी ४० ने चालला आहे असं धरा. गाडी दहापट लहान, तर वेगही दहापट कमी: ताशी ४. झालं चालण्याइतकं. इथवर गणित तिसरीतलं आहे. पुढे घोळ आहे, कारण गाडी लहान केली तरी गुरुत्वाकर्षण लहान करता येत नाही. खड्ड्यात उतरणारं चाक, हौद्यातून उडणारं पिंप, उतारावर सुटलेली गाडी, हे सगळं खऱ्या जगाच्याच ओढीने खाली येतं आणि त्याला अंतर मात्र दहापट कमी पडतं. म्हणून पडण्याचा वेळ दहापट नव्हे, तर दहाच्या वर्गमुळाने, म्हणजे सुमारे ३.१६ पटीने कमी होतो. खऱ्या ट्रकचं नाक खड्ड्यात सावकाश खाली जाऊन सावकाश वर येतं. छोट्या गाडीचं नाक टुणकन जातं आणि टुणकन येतं. आपल्या डोळ्यांना हे गणित कुणी शिकवलेलं नसतं, पण ती टुणटुण पाहिली की डोळे क्षणात ओळखतात, हे खेळणं आहे.

जुन्या सिनेमांत छोट्या प्रतिकृती वापरून आगगाडी दरीत पाडायचे, तेव्हा हाच उपाय करत. एक दशांश मापाची प्रतिकृती असेल तर कॅमेरा नेहमीच्या २४ ऐवजी सेकंदाला सुमारे ७६ चौकटींच्या गतीने चालवायचा आणि फिल्म दाखवताना २४ नेच दाखवायची. तुमच्या फोनमध्ये स्लो मोशन आहे. घरात कुठलीही रिमोटची गाडी असेल तर ती गाद्यांवरून जाताना टिपा आणि तिपटीने हळू करून बघा. तीच गाडी एकदम जड होते. मला मात्र ती फोनमध्ये नाही, समोरच्या मुरमावर जड दिसायला हवी होती.

पहिलं काम गिअरचं. चाक खऱ्या टायरच्या मापाने ७.२ सेंटिमीटर व्यासाचं, म्हणजे एका फेऱ्यात साधारण २३ सेंटिमीटर. चालण्याच्या वेगाला सेकंदाला पाच फेरे, मिनिटाला तीनशे. आणि मोटर? समजा ती मिनिटाला दहा हजार फिरते. मधे तेहतिसास एक असा उतार हवा. तो अर्धा गिअरबॉक्समध्ये, अर्धा मागच्या धुऱ्यात वाटून घेतला. मोटर ५५ टर्नची, ब्रशवाली, म्हणजे घासत्या ब्रशांतून वीज घेणारी. टर्न म्हणजे आतल्या तारेचे वेढे. वेढे जास्त तितकी मोटर सावकाश, पण हळू फिरतानाही पकड सोडत नाही. दुकानातला पोरगा मला ब्रशलेस घ्या म्हणून मागे लागला होता. तो सांगत होता ते शर्यतीच्या गाडीला बरोबर आहे. पण साधी, सेन्सर नसलेली ब्रशलेस मोटर अगदी हळू सुरू करताना अडखळते, आणि माझ्या गाडीचं सगळं आयुष्य तर त्या अगदी हळूतच जाणार.

मग ईएससी, म्हणजे मोटरला वीज मोजून देणारी डबी. अशा हळू गाड्यांच्या डबीत ड्रॅग ब्रेक नावाची सोय असते: बोट काढलं की मोटरच ब्रेक होते. डोंगर चढणाऱ्या गाड्यांसाठी तो कारखान्यातूनच पूर्ण आवळून येतो, त्यामुळे बोट सोडलं की गाडी खिळल्यासारखी थांबते आणि नाक आपटते. दीड टनाचा ट्रक असा थांबेल का? तो ढकलत ढकलत थांबतो. मी तो ब्रेक बराच सैल केला. तसंच स्टीअरिंग. खऱ्या गाडीत मोठ्या चाकाचे वेढेच्या वेढे फिरवावे लागत, तेव्हा कुठे पुढची चाकं वळायची. छोट्या गाडीत चाकं वळवणारी सर्वो मोटर तेच काम डोळ्याचं पातं लवायच्या आत करते. माझ्या ट्रान्समीटरमध्ये, म्हणजे हातातल्या रिमोटमध्ये, सर्वोची गती कमी करायची सोय आहे, ती निम्म्याखाली आणली. फुकटात झालेला हा बदल, पण गाडीचं वय यानेच सर्वांत जास्त वाढलं. ट्रान्समीटर घेताना ही सोय आहे का ते आधी बघा. बाकीची चमकधमक नसली तरी चालेल.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो पाट्यांनी, म्हणजे गाडीचं वजन तोलणाऱ्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगांनी. मूळ ट्रकला पुढे आणि मागे दोन्हीकडे कमान पाटे होते, पुढे अखंड धुरा. छोट्या पाट्यांचा जुडगा बाजारात तयार मिळतो, दिसायला झकास, पण इतका ताठ की तो स्प्रिंग नसून कंसच आहे. अडीच किलोच्या गाडीखाली तो वाकायचं नावच घेत नाही. सगळे मधले पाटे काढले तर गाडी मऊ होते, पण बाजूने पाहिलं की एकच पातळ पट्टी दिसते आणि दहा पावलांवरून खोटेपणा कळतो. यावर तोडगा असा: वरचा मुख्य पाटा पोलादी ठेवायचा, खाली एखादा छोटा पोलादी, आणि उरलेले पाटे पातळ प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचे कापून, काळे रंगवून जुडग्यात घालायचे. दिसायला अख्खा जुडगा, कामाला दोनच. शिवाय पाटे एकमेकांवर घासतात ते घर्षण टुणटुण मारतं, म्हणून तिथे तेलाचा थेंबही द्यायचा नाही. वजनाचं म्हणाल, तर काटेकोर हिशेबाने दीड टनाचा एक हजारावा भाग म्हणजे दीड किलोच भरायला हवा, कारण वजन लांबी-रुंदी-उंची तिन्हींनी घटतं. पण मी जास्तीचं पितळ चेसीच्या तळाशी बसवलं आहे. गाडी जड असली की मऊ पाटे नीट बसतात. हिशेब मोडला, पण नजरेला जे खरं वाटतं त्याच्या बाजूने मोडला. मला ते चालतं.

एकदा तळजाईवर एक गृहस्थ काठी टेकत बराच वेळ बघत उभे राहिले. एसटीत चालक होते, निवृत्त झालेले. गाडी एका दगडावरून उतरली तसे म्हणाले, ‘रिकामी गाडी असून उडत नाही. पाटं काढलं का काय?’ म्हटलं, ‘होय काका, मधले काढलेत.’ ‘तरीच,’ म्हणाले आणि चालू लागले. किती पळते ते त्यांनी विचारलं नाही.

दिसण्याबद्दल थोडं. केबिन थ्रीडी प्रिंट केलेली आहे. पण प्रिंट काढली म्हणजे काम झालं असं नाही, काम तिथून सुरू होतं. थरांच्या रेघा जाईपर्यंत लांबी (पुट्टी) भरायची, ओला पॉलिश पेपर मारायचा, सरफेसर, म्हणजे अस्तराचा रंग मारायचा, उजेडात तिरपी धरून बघायची, परत लांबी. बॉनेट आणि मडगार्ड जिथे मिळतात त्या खाचेत बोट जात नाही, तिथे आइस्क्रीमच्या काडीला पेपर चिकटवून घासायचं. रंग फॉरेस्टर ग्रीन, त्या काळी या ट्रकचा नेहमीचा हिरवा.

१९५१ च का, असं आमच्यातला एक जाणकार विचारतो. त्या साली दाराच्या काचेला पुढे छोटी तिकोनी फिरती काच आली, पण दाराचा मुठा अजून खाली फिरवायचा होता. १९५२ पासून तो दाबायच्या बटणाचा झाला. मला दोन्ही हवं होतं: तिकोनी काच आणि फिरता मुठा. तो मुठा मी पितळेच्या तारेतून घासून काढला आहे. टोकाला किंचित चपटा, मुळाशी गोल. बोटाच्या पेरापेक्षा लहान, आणि कुणालाही दिसत नाही. आणखी एक सोय अशी की १९५१-५२ च्या सुमाराला कोरियातल्या युद्धामुळे अमेरिकेत क्रोमची टंचाई होती, आणि जाळी वगैरे रंगवून यायची. हे माझ्या पथ्यावर पडलं. छोट्या मापात क्रोम कधीच खरं दिसत नाही, चॉकलेटची चांदी दिसते.

हौद्याच्या तळाला मूळ गाडीत लाकडी फळ्या आणि मधे पोलादी पट्ट्या असत. इथे सागवान वापरायचा मोह होतो, वापरू नका. सागाच्या रेघा या मापात नदीएवढ्या दिसतात. मी शाळेतल्या जुन्या लाकडी फूटपट्ट्या चिरल्या. त्यांच्या लाकडाची रेघ अगदी बारीक असते. आकडे घासून काढले, पातळ काळ्या रंगाच्या पाण्यात बुडवून वाळवल्या. आवाजाचा मोड्यूल मात्र बसवलेला नाही. सहा सिलिंडरचा घोगरा हुंकार रुपयाएवढ्या स्पीकरमधून निघाला की माशी डबीत अडकल्यासारखं वाटतं.

अमेरिकन गाडी कशाला, आपली टाटा का नाही, हाही प्रश्न येतो. शेवरोले हे नाव मुंबईला तसं जुनं आहे. १९२८ साली जनरल मोटर्सने शिवडीत गाड्या जुळवायचा कारखाना काढला आणि १९५४ पर्यंत तो चालला. पण खरं कारण ते नाही. मला गोलाईचं काम करायचं होतं. १९८८ ची टाटा मोबाइल मला आवडते, तिचे सरळ पत्रे कापायला सोपेही आहेत, आणि पुढेमागे ती करेनही. तिचे पाटे तरी आता मला येतात. आणि ज्यांना ही सगळी खटपट नको, पण असं काही हवंय, त्यांनी तयार किट घ्यावं. जपानच्या तामिया कंपनीने १९८१ मध्येच टोयोटा हायलक्सचं किट काढलं होतं, कमान पाटे आणि तीन गिअर असलेलं. हळू चालणाऱ्या, खऱ्यासारख्या दिसणाऱ्या रिमोटच्या पिकअपचा नाद पुष्कळांना तिथून लागला.

राहता राहिला शेवटचा प्रश्न, जो ‘पळते किती’ ऐकून निराश झालेले आईबाप विचारतात: मग मुलासाठी कुठली घेऊ? आठ-दहा वर्षांच्या मुलाला माझ्यासारखी गाडी मुळीच देऊ नका. त्याला पळणारीच घ्या, भिंतीवर आपटली तरी मोडणार नाही अशी, आणि जिचे सुटे भाग गावात मिळतील अशी. त्याला वेग हवा असतो आणि त्यात काही चुकीचं नाही. फक्त बॅटरी लिथियम-पॉलिमर असेल तर तिचं चार्जिंग तुमच्या हातात ठेवा. ती फुगली तर वापरू नका, चार्जिंगला लावून झोपू नका, एका सेलला ३ व्होल्टच्या खाली उतरू देऊ नका. आणि परीक्षा आल्या म्हणून गाडी माळ्यावर जाणार असेल, तर बॅटरी पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी करून ठेवू नका. सेलला ३.८ व्होल्टवर आणा, गाडीतून बाहेर काढा आणि वेगळी ठेवा.