चाळीचा जिना आणि धुंदीचा उतार

फेब्रुवारीत मनालीजवळच्या सोलंगहून धुंदीच्या दिशेनं बर्फातून चालत जायचं ठरलं आणि तयारीचा पहिला धडा गिरगावातल्या आमच्या चाळीच्या जिन्यात मिळाला. भाच्यानं मोबाइलमधलं कोन मोजायचं अ‍ॅप उघडलं आणि फोन जिन्याच्या कठड्याला टेकवला. ३८ अंश!

"मामा, हिमस्खलन बहुतेक वेळा ३० ते ४५ अंशांच्या उतारावर होतं. अडतीसच्या आसपास तर सगळ्यात जास्त."

वरच्या मजल्यावरून काकूंनी डोकावून विचारलं, "म्हाडाची माणसं आली का रे?"

गंमत सोडा, मी हादरलो होतो. ज्या चढावर रोज दूध आणायला जातो तोच घात करणारा! त्याहून उभ्या कड्यावर बर्फ फारसा टिकतच नाही, थोडा थोडा झडत राहतो. सपाटीवर तो घसरत नाही. मधल्या, चालायला बरा वाटणाऱ्या उतारावर मात्र तो साठत जातो. सह्याद्रीत वाढलेल्या डोक्याला हे पचत नाही. आम्ही नळीच्या वाटेनं हरिश्चंद्रगड चढलेली माणसं. नाळ, म्हणजे दोन कड्यांमधली अरुंद घळ, दिसली की पाय आपोआप तिकडं वळतात. बर्फात तीच नाळ सापळा होते, कारण दोन्ही बाजूंनी सुटलेला बर्फ तिच्यातच येऊन पडतो. थोडासा आला तरी तळाशी पुरुषभर ढीग होतो.

मग उसन्या सामानाची जमवाजमव. बीकन (गाडलेल्याचा ठाव लावणारं रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसायची लांब काठी) आणि धातूचं फावडं, प्रत्येकाकडे तिन्ही. तिघांत मिळून एक फावडं नेण्यात अर्थ नाही, कारण ज्याच्याकडे ते आहे तोच गाडला गेला तर? बीकन सॅकमध्ये टाकायचा नाही, जॅकेटच्या आत अंगाला बांधायचा आणि निघतानाच चालू करायचा.

सराव केला जुहूच्या वाळूत, सकाळी सहाला. भाच्यानं एक बीकन कापडी पिशवीत घालून पुरला आणि मी दुसरा हातात धरून शोधायला निघालो. पडद्यावरचा अंतराचा आकडा चाळीसवरून तीसवर आला, मग एकदम पंचावन्न. बाण भलतीकडेच. पाच मिनिटं मी वेड्यासारखा गोल फिरलो, आणि मग लक्षात आलं की खिशातला मोबाइल चालूच आहे. शोधताना तो किमान अर्धा मीटर लांब हवा. खरं तर बंदच. फोन बाजूला ठेवल्यावर बाण शहाणा झाला. तरी तो सरळ रेषेत नेत नाही. लहरी वाकड्या येतात, आपणही वळसा घेत जायचं. जवळ गेल्यावर बीकन जमिनीलगत धरायचा, सगळ्यात लहान आकडा सापडला की तिथून गोलगोल, वीतभर अंतरावर प्रोब खुपसत जायचं. खणायचं डोक्यावरून नाही, उताराच्या खालच्या बाजूनं आत शिरत. पहिल्या खेपेला मला अकरा मिनिटं लागली. गाडलेल्या माणसाची वाचायची आशा पहिल्या दहा-पंधरा मिनिटांतच मोठी असते, पुढे झपाट्यानं घसरते. आणि वाळू मऊ. थांबलेलं हिमस्खलन सिमेंटसारखं घट्ट बसतं. फिरायला आलेल्या एका आजोबांनी विचारलं, "सोनं सापडलं का?"

कपड्यांवर लोक उगाच पानंच्या पानं लिहितात. सुती बनियन घरी ठेवा. ओला झाला की वाळत नाही, ऊब मात्र ओढून घेतो. बस्स.

ताईला, म्हणजे भाच्याच्या आईला, सांगणं हे सगळ्यात अवघड. २०२२च्या ऑक्टोबरात उत्तराखंडातल्या द्रौपदी का डांडा शिखरावर गिर्यारोहणाचं शिक्षण घेणारी मुलं हिमस्खलनात गेली, ते तिच्या पक्कं लक्षात होतं. "शिकलेली होती रे ती," एवढंच म्हणाली. तिच्यापुढे बीकनचं कौतुक सांगायची हिंमत झाली नाही.

पश्चिम एक्सप्रेसनं अंबाला, पुढे बस. मनालीत पोचलो आणि दोन दिवस बर्फच पडत राहिला. चंदीगडची डीजीआरई ही डीआरडीओची संस्था हिमस्खलनाचे इशारे देते. ते रोज बघत होतो. तिसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं. भाचा बूट घालून तयार, वाटाड्याचं तोंड मात्र आंबट. ताज्या बर्फावर लगेच ऊन पडलेलं त्याला आवडत नव्हतं. थोडं बघून येऊ म्हणून निघालो.

तासाभरानं, अगदी सपाट जागी, पायाखाली धप्प असा आवाज झाला. जुन्या घराचा माळा दबतो तसा. माझ्या बुटापासून एक चीर सुटली आणि सात-आठ हात पळत गेली. वरचा थर आतल्या कच्च्या थरावर बसला होता. आम्ही सपाटीवर होतो म्हणून नुसता आवाज झाला. पुढची वाट एका मोकळ्या उताराच्या पोटाखालून जात होती. भाच्यानं फोनच्या कडेवरून नेम धरून कोन मोजला. ३६.

वाटाड्या आधीच वळला होता. "आज नहीं."

सोलंगला टपरीवर तूप ओतून सिड्डू, म्हणजे तिकडची वाफवलेली सारण भरलेली रोटी, खाल्ले. तिथून त्या उताराचा वरचा कोपरा दिसत होता. दुपारभर तो उन्हात पांढराशुभ्र, जागचा हलला नाही.

"मामा, गेलो असतो तर पोचलो असतो," भाचा म्हणाला.

असतोही. मी आणखी एक सिड्डू मागवला.