घोटायची घाई

मे महिन्यात नागपुरात गिलावा करायला घेणारा माणूस एकतर मिस्त्री असतो, नाहीतर येडा. मी मिस्त्री नव्हते.

मानेवाड्याच्या आमच्या घरात मागे कोठीची खोली आहे. तिच्या एका भिंतीला लोणा, म्हणजे ओलीतून वर येणारा खार, लागून कमरेपर्यंतचा गिलावा पोपडे धरून गळत होता. मोरीचा फुटका पाइप बदलला, भिंत दोन महिने सुकू दिली. पण एवढ्याशा कामासाठी मिस्त्री दिवसाची पूर्ण रोजी मागायचे. त्यांचं बरोबरच होतं. मग म्हटलं, भिंत आपली, हात आपले.

पहिल्या शनिवारी सकाळी अकराला सुरुवात केली. इथेच पहिली चूक झाली. जास्त सिमेंट म्हणजे जास्त गुळगुळीत, अशी माझी समजूत, म्हणून माल एकास तीन केला, म्हणजे एक भाग सिमेंट, तीन भाग रेती. रेती कन्हानची, चांगली होती, पण मी ती चाळलीच नाही. भिंतीवर मग्ग्याने दोनचार वेळा पाणी मारलं आणि थापीने माल पोळीवर तूप लावावं तसा लावायला लागले. अर्धा चिकटला, अर्धा भद्दकन पायावर. जो चिकटला त्यावर गुरमाळा, म्हणजे घोटायची पत्र्याची सपाट थापी, फिरवला तर प्रत्येक खड्याने मागे लांबलचक ओरखडा सोडला. ओरखडे बुजवायला वरून कोरडं सिमेंट भुरभुरलं आणि घोट घोट घोटलं. संध्याकाळी भिंत आरशासारखी दिसत होती. फोटो काढून बहिणीला पाठवला. रविवारी सकाळी त्याच आरशावर कोळिष्टकासारख्या बारीक भेगा.

शेजारच्या प्लॉटवर बांधकाम चालू होतं. तिथले मिस्त्री काकाजी जेवणाच्या सुट्टीत बघायला आले. भिंतीवर बोटांच्या पेरांनी टकटक केलं. कुठे टणटण, कुठे ढबढब. म्हणाले, "ताई, भिंत तहानलेली होती जी. मालातलं सारं पाणी तिनंच पिऊन टाकलं. अन् तुम्ही तिले घोटूनच राह्यल्या!"

सगळं खरवडून काढलं. विटांच्या सांधी तारेच्या ब्रशने साफ केल्या, कारण मालाला धरायला खाच लागते. आदल्या संध्याकाळी भिंत पाइपने चिंब भिजवली, आणि पुढच्या रविवारी पहाटे साडेपाचला उभी राहिले. आता माल एकास पाच, रेती चाळणीतून दोनदा काढलेली. माल किती ओला हवा हे काकाजींनी नाही, त्यांच्याकडच्या रेजा बाईंनी शिकवलं. थापीवर माल घ्यायचा, थापी तिरपी करायची. लगेच ओघळला तर पाणी जास्त; खाली सुटायलाच तयार नसला तर कमी. ती बाई दिवसभर माल कालवते, मालाची नस तिला काकाजींपेक्षा जास्त कळते, पण तिच्या हातात गुरमाळा कोणी देत नाही. मला मात्र विकत आणल्याबरोबर मिळाला.

ओळंबा, म्हणजे दोरीला टांगलेलं वजन, लावून भिंतीवर फरशीचे तुकडे मालाने चिकटवले, साधारण 12 मिलिमीटर वर येतील असे. मधली जागा माल मारून भरायची. मारून म्हणजे खरंच मारून, मनगटाच्या झटक्याने. हळूच लावला की मागे हवा राहते आणि तीच पुढे ढबढब वाजते. मग अ‍ॅल्युमिनियमची पट्टी तुकड्यांवर टेकवून खालून वर, करवतीसारखी डावी-उजवी हलवत ओढायची. जास्तीचा माल पट्टीवर येतो, खड्डे उघडे पडतात, ते भरायचे, पुन्हा पट्टी. भिंत सपाट होते ती इथे. गुरमाळ्याने सपाट होत नाही, हे कळायला मला एक अख्खं पोतं वाया घालवावं लागलं.

आणि मग थांबायचं. हे सगळ्यात कठीण. हात शिवशिवतात. काकाजी कुंपणापलीकडून ओरडले, "काऊन घाई करता जी? चहा घ्या ना!" चहा घेतला, भांडी घासली. मधूनमधून भिंतीवर बोट दाबून पाहिलं. बोटाला पाणी लागतंय तोवर नाही. खूण उमटते पण बोट कोरडं निघतं, तेव्हा लाकडी रंधा, म्हणजे मुठीची सपाट फळी, गोल गोल फिरवायचा. त्या दिवशी पाऊण तास लागला. उशीर झाला असता तर रंध्याखाली नुसती रेती झडली असती. शेवटी गुरमाळा, पुढची कड किंचित उचलून, लांब लांब हातांनी. एका जागी तीनदा नाही.

नंतर सात दिवस पाणी. सकाळी, संध्याकाळी आणि ऑफिसातून आईला फोन करून दुपारीही. आमच्या उन्हात एक पाळी चुकली तरी भिंत पांढरी पडते. आई म्हणाली, "तुळशीलाही इतकं पाणी नाही घातलंस कधी."

आठव्या दिवशी रात्री दिवा मालवून मोबाइलचा टॉर्च भिंतीला चिकटवून आडवा धरला. दिवसा न दिसणाऱ्या लाटा लगेच सावल्या टाकतात. मधला भाग साफ निघाला. उजव्या कोपऱ्यात, दाराच्या मागे, दोन लाटा आहेत आणि वितीएवढ्या जागेत अजून ढबढब वाजतं. तिथे आईने कॅलेंडर टांगलंय. खिळा ठोकू दिला नाही मी. वरच्या हुकाला सुतळी बांधून सोडलंय.