रविवारची फर्स्ट शिफ्ट

आज रविवार, आणि नेहमीसारखी फर्स्ट शिफ्ट. नाशिकच्या अंबडला आमच्या कंपनीत साप्ताहिक सुट्टी शनिवारी, त्यामुळे सकाळची उपासना मला फारशी मिळत नाही, संध्याकाळच्या भक्तीला जातो. मंडळीतले काही जण मायेनं म्हणतात, भाऊ, दुसरीकडे बघा ना, प्रभूच्या दिवशी मशीनवर उभं राहणं बरं दिसत नाही. माया कळते मला. पण देवाचं काम चर्चमध्ये आणि पोटाचं काम एमआयडीसीत, हा जो त्यामागचा हिशोब आहे ना तो मला बिलकुल पटत नाही.

मी क्वालिटीत आहे. आज बुशचा, म्हणजे गाडीत बसणाऱ्या धातूच्या छोट्या नळ्यांचा लॉट होता, बोअर, म्हणजे आतलं भोक, 25 एच7, म्हणजे 25.000 ते 25.021 मिलिमीटरच्या आत, 21 मायक्रॉनची मुभा, संपलं. काही पीसमध्ये नो-गो गेज, जो आत जायलाच नको, तो सरळ आत जात होता, म्हणजे भोक मोठं. गाडी लागलेली, डिस्पॅचवाला डोक्यावर उभा, प्रॉडक्शनवाले म्हणतायत साहेब जाऊ द्या, दोन-तीन मायक्रॉननं काय होतंय, पुढे कोण मोजतंय. मी रेड टॅग लावून माल थांबवला आणि लॉट शंभर टक्के चेकिंगला घेतला, गाडी उशिरा गेली, बोलणी खाल्ली. नीतिसूत्रे 11 चं पहिलंच वचन सांगतं की खोट्या तराजूचा परमेश्वराला वीट आहे, आणि माझ्या हातातला गेज म्हणजे तराजूच की. तो बुश ज्या गाडीत बसेल ती घेऊन कुणीतरी बायकापोरांसकट कसारा घाट उतरणार, मला तो माणूस कधी भेटणार नाही, पण शेजाऱ्यावर प्रीती कर हे त्याच्या बाबतीत पाळायची माझी जागा तेवढीच, इन्स्पेक्शन टेबल.

निर्गम 31 मध्ये बसालेल नावाचा कारागीर आहे. देवानं त्याला आपल्या आत्म्यानं भरलं, आणि कशासाठी, तर सोनं, रुपं, पितळ, लाकूड, दगड यांच्या कामासाठी! उपदेशासाठी नाही. यावर प्रवचन मी फार कमी ऐकलंय. आणि येशू स्वतः सुमारे तीस वर्षांचा होईपर्यंत नासरेथात सुतारकी करत होता, मार्क 6 मध्ये लोक त्याला सुतारच म्हणतात. ती वर्षं वाया गेली असं आपण म्हणू का?

आपल्या शरणपूरचंच घ्या. एकोणिसाव्या शतकात तिथल्या मिशनमध्ये गुलामीतून सोडवलेली आफ्रिकन मुलं राहायची, त्यांना लिहिण्यावाचण्याबरोबर सुतारकाम, लोहारकामही शिकवायचे. जेकब वेनराइट तिथलाच. 1873 ला मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन आफ्रिकेत वारले तेव्हा त्यांचं हृदय तिथेच पुरलं, त्या वेळची प्रार्थना जेकबनं वाचली आणि झाडावर त्यांचं नावही त्यानंच कोरलं, पुढे मृतदेहासोबत तो लंडनपर्यंत गेला. प्रार्थना वाचणारा आणि लाकूड कोरणारा माणूस एकच! शरणपूर रोडच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो की मला तो हमखास आठवतो.

आता खंडेनवमीबद्दल, कारण हे मला दरवर्षी दोन्हीकडून विचारतात. शॉपमध्ये मशीनची पूजा असते, झेंडूच्या माळा, नारळ, सगळं. मी आदल्या दिवशी माझी सरफेस प्लेट, मायक्रोमीटर, गेज सगळं पुसून तेल लावून लख्ख करतो, आरतीला हात जोडत नाही, बाजूला उभा राहून ज्यानं माणसाला डोकं आणि हात दिले त्या देवाचे आभार मानतो. प्रसाद घेत नाही, ते सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी आग्रहही करत नाही, पण जेवणाच्या पंगतीत बसतो, दसऱ्याला आपट्याची पानं घेतो, गळाभेट घेतो. काही विश्वासू बांधवांना एवढंही जास्त वाटतं. मला नाही वाटत. कवी नारायण वामन टिळकांनी 1895 ला बाप्तिस्मा घेतला म्हणून अभंग आणि कीर्तन सोडलं नाही, उलट त्यातूनच ख्रिस्त गायला, आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई तर आपल्या इथल्याच, जलालपूरच्या. अरणचे सावता माळी मळा सोडून पंढरीला गेले नाहीत असं परंपरा सांगते. त्यांची आणि माझी श्रद्धा वेगळी आहे, तरी खुरपं हातात असताना देव भेटतो हे आपल्या मातीत लोकांना आधीपासून कळलेलं आहे, आणि मग आम्ही ख्रिस्ती लोकांनीच ते का विसरावं?

संध्याकाळी भक्तीनंतर पाळकसाहेबांशी बोललो. सुवार्तिकांना, संडे स्कूलच्या टीचरना पुढे बोलावून आपण त्यांच्यावर हात ठेवून प्रार्थना करतो, तशी एकदा कामाला जाणाऱ्यांसाठी पण करू या म्हटलं, ऑपरेटर, नर्स, रिक्षावाले, नोट प्रेसमधले, द्राक्षाच्या बागेत छाटणीला जाणाऱ्या बायका. ते म्हणाले 1 मेच्या आसपासचा रविवार घेऊ, आणि संध्याकाळीच ठेवू, म्हणजे शिफ्टवाले येतील. नावं गोळा करायचं काम माझ्याकडे आलंय, उद्या कॅन्टीनपासून सुरू करतो.