शब्द पाठ करताय? मग आधी कुठले ते ठरवा

मी वेलिंग्टनला राहते, त्यामुळे पुण्याहून भाची, तिच्या मैत्रिणी, आईच्या सोसायटीतली मुलं सगळे मलाच विचारतात, मावशी इंग्लिश बोलता येतं गं पण ऐनवेळी शब्दच सुचत नाहीत, कुठलं पुस्तक घेऊ? मग अप्पा बळवंत चौकातून वर्डलिस्टचं जाडजूड पुस्तक येतं आणि ए पासून पाठांतर सुरू होतं. प्लीज असं करू नका. एवढी मेहनती मुलं, आणि वर्षातून एकदा कुठेतरी दिसणाऱ्या शब्दांवर रात्री जागतात, मला खरंच वाईट वाटतं.

शब्द किती वेळा समोर येतो त्यावर त्याचा नंबर ठरवायचा. ह्यावर मोठं काम इथल्याच व्हिक्टोरिया युनिव्हर्सिटीत झालंय. तिथल्या पॉल नेशन यांनी २००६ साली हिशोब मांडला, कादंबरी किंवा पेपर फारसं न अडखळता वाचायचा तर ८००० ते ९००० वर्ड फॅमिली लागतात, बोलणं समजायला ६००० ते ७०००. वर्ड फॅमिली म्हणजे ॲनालाइझ, ॲनालिसिस, ॲनालिटिकल हे सगळं मिळून एक. आकडा मोठा वाटतो पण नेहमीच्या वापरातले पहिले २००० च बहुतेक काम करतात, आणि ते तुम्हाला बरेचसे येतातच. त्यापुढे ॲव्हरिल कॉक्सहेड यांची २००० सालची अकॅडेमिक वर्ड लिस्ट घ्या. फक्त ५७० फॅमिली, पण अभ्यासाच्या पुस्तकांतला साधारण १० टक्के मजकूर त्यांनीच भरलेला असतो. एमएसला निघालेल्यांनी तर इथूनच सुरू करावं, नेटवर फुकट मिळते.

आता पाठ कसं करायचं. भाचीने मिठाईच्या रिकाम्या बॉक्समध्ये पुठ्ठे लावून पाच कप्पे केलेत, ही लाइटनर नावाच्या जर्मन माणसाची जुनी पद्धत आहे. कार्डच्या पुढे गाळलेल्या जागेचं आख्खं वाक्य, मागे तो शब्द आणि त्याच्याबरोबर येणारे शब्द. म्हणजे नुसतं कन्क्लुजन नाही लिहायचं, ड्रॉ अ कन्क्लुजन, रीच अ कन्क्लुजन असं लिहायचं, कारण बोलताना अडतं ते नेमकं ह्या जोडीपाशी. बरोबर आलं तर कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलं की परत पहिल्यात. पहिला कप्पा रोज, दुसरा दोन-तीन दिवसांनी, शेवटचा महिन्याने. विसरायला लागतो तेवढ्यात शब्द परत समोर येतो, म्हणून तो टिकतो.

आणि वाचा, पण आवडीचं! क्रिकेट आवडतं तर मॅच रिपोर्ट वाचा, स्वयंपाक आवडतो तर रेसिपी. एकाच विषयात तेच तेच शब्द फिरून येतात ना. इथे ऑफिसात लंचला कोणी भारी शब्द वापरत नाही, सगळं पुट ऑफ, सॉर्ट आउट, रन आउट ऑफ असंच चालतं, तर त्यांचीही कार्डं करा.

डिसेंबरमध्ये मी कोथरूडला आईकडे येतेय. ज्यांना हवंय त्यांनी आपापली कार्डं घेऊन या, बसून वाक्यं लिहू.