एकाच वजनाची दोन पॅडल

पिकलबॉल, म्हणजे भोकाभोकांच्या चेंडूने नेटवरून खेळायचा खेळ; त्यासाठीचं माझं पहिलं पॅडल, म्हणजे बिनतारांची सपाट बॅट, मी स्मॅशकडे बघून घेतलं. वीस वर्षं बॅडमिंटन खेळलेल्या बाईकडून दुसरी काय अपेक्षा करणार! लांबुळकं, साडेसोळा इंच लांब आणि साडेसात इंच रुंद, वर काळाभोर खरखरीत कार्बन फायबर, आत १४ मिलिमीटरचा गाभा. हातात घेऊन हवेत दोनदा फिरवलं, सूंऽऽ असा आवाज आला आणि मी खूश.

बॅडमिंटनची रॅकेट ८५ ग्रॅमच्या आसपास असते. हे पॅडल सव्वादोनशे ग्रॅमचं. म्हणजे अडीचपटीहून जास्त वजन मी जुन्याच सवयीने, मनगटाच्या झटक्यावर फिरवत होते. त्यात आणखी शहाणपणा असा केला की, टोकाला वजन लावलं की फटक्यात जोर येतो असं कुठेतरी वाचून पॅडलच्या डोक्यावर सहा ग्रॅमची टंगस्टनची टेप चिकटवली. जोर आला. तीन आठवड्यांनी पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडताना कोपराच्या बाहेरच्या बाजूला अशी कळ आली की बाटली खाली ठेवावी लागली.

दहा-बारा दिवस खेळ बंद. परत आले तेव्हा धाकट्या भावाने स्वतःचं पॅडल पुढे केलं. "ताई, हे घे आणि आज एकही स्मॅश मारू नकोस. नुसतं डिंक कर." डिंक म्हणजे नेटजवळून चेंडू अलगद पलीकडे टाकणं.

त्याचं पॅडल दिसायला ढब्बू. सोळा इंच लांब, आठ इंच रुंद, १६ मिलिमीटर जाड. पण हातात इतकं हलकं वाटलं की मी त्याला म्हटलं, "तुझं कमी वजनाचं आहे म्हणून बरं वाटतंय." तो नाही म्हणाला, मी हो म्हटलं. शेवटी घरी येऊन दोन्ही पॅडल पीठ मोजायच्या डिजिटल काट्यावर ठेवली. टेप काढून माझं भरलं २२७ ग्रॅम. त्याचं २२९.

दोन ग्रॅमने जास्तच!

मग टेबलावर पेन्सिल आडवी ठेवून दोन्ही पॅडल तिच्यावर तोलून पाहिली. माझ्या पॅडलचा तोल त्याच्या पॅडलच्या मानाने मुठीपासून जेमतेम सेंटिमीटरभर जास्त लांब सापडला. एवढ्याशा फरकाने काय होणार, असं वाटतं. पण वस्तू फिरवताना वजनाचं अंतर वर्गाने लागू होतं. तेवढंच वजन मुठीपासून दुप्पट लांब असेल तर फिरवायला चौपट जड जातं. म्हणूनच टोकावरचे माझे ते सहा ग्रॅम कोपराला सहा ग्रॅम वाटलेच नव्हते. पॅडलवर छापलेला आकडा खोटा नसतो, पण तो अर्धीच गोष्ट सांगतो. उरलेली अर्धी, म्हणजे वजन बसलंय कुठे, हे हातात धरून आणि तोलूनच कळतं.

लांबट पॅडल वाईट असतं असं मला म्हणायचं नाही. नियमाप्रमाणे लांबी आणि रुंदी मिळून २४ इंचांच्या वर जाता येत नाही आणि लांबी १७ इंचांच्या वर नाही. त्यामुळे लांबी वाढवली की रुंदी कापावीच लागते. लांबटाने पोच मिळते, फटक्याला वेग मिळतो. रुंदाने चेंडू मधोमध लागला नाही तरी सांभाळून घेतलं जातं. वजनाला मात्र नियमात मर्यादाच नाही. ती आपल्या कोपराने ठरवायची.

गाभ्याच्या जाडीबद्दल माझं मत आता पक्कं झालंय. आत प्लास्टिकचं मधमाश्यांच्या पोळ्यासारखं जाळं असतं, पॉलिप्रॉपिलीनचं. १९६५ साली हा खेळ निघाला तेव्हा पॅडल प्लायवूडची होती. ही पोळ्याची कल्पना १९८४ मध्ये बोइंगमधले इंजिनिअर आर्लेन पॅरांटो यांनी विमानाच्या जमिनीत वापरतात त्या पत्र्यांवरून उचलली. जाड गाभ्यावर चेंडू जरा विसावतो, पातळ गाभ्यावरून टणकन उडतो. माझा सगळा त्रास या टणकन उडण्याचाच होता. बॅडमिंटनमध्ये नेटजवळ नाजूक खेळायचं तर शटलचं फूल स्वतःच मंदावतं. इथला भोकाभोकांचा चेंडू तसा दयाळू नाही. किचनच्या, म्हणजे नेटला लागून असलेल्या पट्ट्याच्या, सात फुटांत तो अलगद पडायला हवा, आणि माझ्या १४ मिलिमीटरवरून दर तिसरा डिंक वर उडून समोरच्याला आयता मिळायचा.

भावाने एका गेममध्ये माझे फटके मोजले होते. स्मॅश चार. डिंक आणि ड्रॉप (मागून मारलेला, नेटजवळ अलगद पडणारा फटका) मिळून तीसच्या वर. त्या चारांसाठी मी पॅडल निवडलं होतं!

पृष्ठभागाचं फार मनावर घेऊ नका. खरखरीत कार्बनवर चेंडूला फिरकी चांगली बसते हे खरं, पण खेळून खेळून तो खरखरीतपणा झिजतो. फायबरग्लास जरा स्प्रिंगसारखं उसळतं. सुरुवातीला दोन्ही चालतं. पॅडलवर 'प्रो' लिहिलंय का, रंग कोणता, हे तर सोडूनच द्या.

मुठीकडे मात्र नीट बघा, कारण सगळे तीच विसरतात. पॅडल धरल्यावर अनामिकेचं टोक आणि तळहाताचा फुगीर भाग यांच्यामध्ये दुसऱ्या हाताची तर्जनी बसली पाहिजे. ती शिरतच नसेल तर मूठ बारीक; दोन्ही बाजूंना जागा उरत असेल तर जाड. बारीक मूठ ओव्हरग्रिप, म्हणजे मुठीवरची पट्टी, गुंडाळून जाड करता येते, जाड मूठ बारीक करणं कठीण. माझी मूठ बारीक होती, म्हणून मी ती आवळून धरायचे. कोपराला तेही भोवलं असणार.

दुसऱ्यांची पॅडल उसनी घ्या, पण पाच मिनिटांसाठी नको, संध्याकाळभर. हवेत फिरवून काही कळत नाही. बॅकहँडने दहा डिंक करा. कुणाला तरी अंगावर जोरात चेंडू मारायला सांगा आणि नुसता अडवा. पॅडल हातात फिरतं का बघा. आणि शेवटच्या गेमला, दमल्यावर, पॅडलचं टोक आपोआप खाली झुकायला लागलं तर ते तुम्हाला जड आहे, काटा काहीही सांगो.

ते रुंद पॅडल मी परत केलंच नाही. भाऊ टेनिसमधून आलेला, बॅकहँड दोन हातांनी मारतो. माझ्या लांबट पॅडलची लांब मूठ त्याला बरोब्बर बसली. डोक्यावर टेपच्या गोंदाचा चिकट डाग अजून आहे. आठवड्यातून तीनदा तो डाग नेटच्या पलीकडून माझ्या दिशेने येताना दिसतो, आणि मी पॅडल छातीपुढे धरून उभी असते.