आमची वाटचाल : सिगारची पेटी आणि चार महिन्यांचा पाऊस

आम्ही सिगार विकत नाही, ते ठेवायच्या पेट्या बनवतो. बाजारात त्याला ह्युमिडॉर म्हणतात, आमच्या कारखान्यात नुसतं ‘पेटी’. पुण्यात बसून मुंबई, गोवा आणि नागपूर या तीन तऱ्हांच्या हवेसाठी पेटी बनवायची, ही आमची खरी डोकेदुखी. युरोप-अमेरिकेतली सगळी माहिती हिवाळ्यात हीटर लावलेल्या कोरड्या घरांसाठी असते: पेटीत ओल कशी घालायची आणि कशी टिकवायची. मुंबईत जुलैमध्ये हवेतली आर्द्रता 85 टक्क्यांच्या आसपास असते आणि सिगारला लागते 65 ते 70. म्हणजे चार महिने काम उलटं, बाहेरची ओल आत येऊ द्यायची नाही. नागपुरात मे महिन्याच्या दुपारी हवा पार कोरडीठाक, तेव्हा तीच पेटी दुसऱ्या बाजूने झुंजते.

सुरुवातीच्या पेट्या भरीव सागाच्या होत्या, आत सीडरच्या फळ्यांचं अस्तर पूर्ण फेव्हिकॉल लावून चिकटवलेलं. दिसायला देखण्या, पण पाऊस लागला की कोपरे उघडायचे. कारण साधं आहे. लाकूड लांबीत जवळपास हलत नाही, रुंदीत फुगतं. 30 टक्के आर्द्रतेच्या हवेत लाकडात वजनाच्या सुमारे 6 टक्के पाणी असतं, 65 टक्क्यांच्या हवेत 12, आणि 85 च्या हवेत 18 च्या घरात. 220 मिमी रुंदीची तळफळी 6 वरून 12 वर गेली की दोन-अडीच मिमी फुगते. तिला चिकटवून जखडलं, तर ती कोपऱ्याचा सांधा फोडूनच जागा करून घेते.

म्हणून आता सांगाडा 12 मिमी मरीन प्लायचा आणि त्यावर सागाचा विनियर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा. प्लायचे थर आडवे-उभे असल्याने तो फारसा हलत नाही. अस्तर 5 मिमी जाडीचं, गोंद न लावता नुसतं बसवलेलं. तळ दोन फळ्यांचा, मध्ये 3 मिमी फट. चारही बाजूंचं अस्तर काठाच्या वर 4 मिमी येतं आणि झाकणाच्या खाचेत शिरतं. त्या खाचेत वरती 2 मिमी मोकळी ठेवतो, नाहीतर ऑगस्टमध्ये झाकण पूर्ण बसत नाही. पुढची कुलपाची चावीही गेली, कारण चावीचं भोक म्हणजे गळती. काचेचं झाकण आम्ही बंदच केलं. गिऱ्हाइकाला ते आवडतं हे खरं, पण काच आणि चौकट यांच्यात सील कायम टिकत नाही.

पेटी कुणाचीही असो, गळती घरी तपासता येते. वहीच्या कागदाची पट्टी काठावर ठेवून झाकण लावा आणि ओढा. चारही बाजूंना ती सारखी अडली पाहिजे. एका कोपऱ्यात सुळकन निघाली, तर तिथे फट आहे. मग अंधाऱ्या खोलीत टॉर्च पेटवून आत ठेवा आणि बाहेरून बघा. उजेडाची रेघ दिसली तर ती पेटी पावसाळ्यात कामाची नाही. तिच्यापेक्षा सिलिकॉनची कडा असलेला, चार कड्यांचा स्वयंपाकघरातला हवाबंद डबा शंभर पटीने बरा. हे लिहिण्यात आमचाच तोटा आहे, पण खरं तेच आहे. डबा नवा असेल तर साबणाने धुऊन, आत वाटीभर खायचा सोडा ठेवून दोन-तीन दिवस वास जाऊ द्या, आणि तळाशी लाकडाची एक फळी घाला.

लाकडाबद्दल एक गोंधळ कायम असतो. ‘स्पॅनिश सीडर’ हा सीडर नाही, तो महोगनीच्या कुळातला. खरा सीडर म्हणजे आपला हिमालयातला देवदार, आणि तो पेटीत अजिबात चालत नाही. त्याच्या तेलाचा वास महिनाभरात सिगारच्या पानात उतरतो. स्पॅनिश सीडर 2020 पासून साइट्सच्या (दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) दुसऱ्या परिशिष्टात आहे, कागदपत्रांशिवाय माल येत नाही. आम्ही बऱ्याच पेट्यांत तून वापरतो. हे झाड त्याच कुळातलं आहे आणि सिगारचे खोके बनवायला ते आपल्याकडे पूर्वीपासून वापरात आहे. वास थोडा मंद, पण जातकुळी तीच. आतून पॉलिश कधीच नाही. बाहेरच्या पीयू पॉलिशचा वास जायला झाकण उघडं ठेवून तीन आठवडे लागतात, आणि तेवढे दिल्याशिवाय पेटी बाहेर पडत नाही. स्वस्त पेटीत आत एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड) असेल तर झाकण उघडताच डोळ्यांना झोंबतं. ती घेऊ नका.

आता पेटी मुरवणं, म्हणजे वापरण्याआधी आतलं लाकूड योग्य ओलीवर आणणं. नवी पेटी आणली, सिगार ठेवले, आठ दिवसांत सिगार कडक झाले, ही तक्रार सगळ्यात जास्त. दोष बहुधा कोरड्या लाकडाचा असतो. आतलं अस्तर एक किलोचं धरा: 6 टक्क्यांवरून 12 वर जायला त्याला साधारण 60 ग्रॅम पाणी लागतं. ते तुम्ही दिलं नाही, तर ते सिगारमधून ओढून घेतं. उन्हाळ्यात रिकाम्या पेटीत डिस्टिल्ड वॉटरची छोटी वाटी ठेवा, किंवा आतली हवा 84 टक्के आर्द्रतेवर ठेवणाऱ्या मिठाच्या पाण्याच्या पुड्या. ओल्या फडक्याने लाकूड पुसायचा सल्ला सर्रास देतात; आम्ही देत नाही, त्याने फळीला बाक येतो आणि लाकडाचा चीक वर येतो. ‘बरोबर 14 दिवस मुरवा’ म्हणतात, तसं काही नसतं. अस्तराची एक सुटी फळी स्वयंपाकघरातल्या काट्यावर रोज तोला. वजन सलग तीन दिवस वाढायचं थांबलं आणि आतल्या हायग्रोमीटरवर, म्हणजे आर्द्रता मोजणाऱ्या काट्यावर, 65 ते 70 दिसलं, की पेटी मुरली. 84 च्या पुड्यांवर वजन वाढतच राहिलं, तर आत 65 दिसताच त्या काढून घ्या. पावसाळ्यात घेतलेल्या पेटीचं उलट असतं: लाकूड आधीच 16-17 टक्क्यांवर, ते एसीच्या खोलीत झाकण उघडं ठेवून उतरवावं लागतं.

हायग्रोमीटरच खोटा असेल तर हे सगळं वाया. तपासायची रीत: बाटलीच्या बुचात एक चमचा मीठ, त्यात पाण्याचे थेंब, भिजलेल्या वाळूसारखं होईल एवढेच. मीठ विरघळून पाणी सुटलं तर जास्त झालं. बूच आणि हायग्रोमीटर झिपच्या पिशवीत बंद करून एका जागी 12 तास ठेवा. आत 75 टक्के दिसायला हवं. 71 दाखवला तर यापुढे प्रत्येक आकड्यात चार मिळवा. पेटीच्या झाकणातले पितळी घड्याळासारखे काटे आम्ही आता शोभेपुरतेही देत नाही.

लोकांना वाटतं, झाकण उघडलं की ओल निघून जाते. हिशेब करून बघा: 20 लिटरच्या पेटीत, 30 अंशांना, 65 टक्के आर्द्रतेच्या हवेत पाणी असतं अर्ध्या ग्रॅमहूनही कमी. पन्नास सिगारमध्ये ते साठ ग्रॅमच्या घरात. म्हणून पेटी अर्धी-पाऊण भरलेली असली तर स्थिर राहते, आणि दिवसातून एकदा उघडल्याने काही बिघडत नाही. बिघडतं ते न दिसणाऱ्या फटीतून. ओलीसाठी दोन्हीकडून काम करणारी, म्हणजे ओल देणारी आणि शोषणारीही, मिठाच्या पाण्याची पुडी वापरा, 25 सिगारना 60 ग्रॅमची एक. मुंबई-गोव्याला 65 ची, नागपूरला 69 ची. पुडी वाळून कडक झाली तर संपली. पण फुगून आतलं पाणी डुचमळायला लागलं, तर ती बाहेरची ओल पितेय, पेटी गळतेय. स्पंज आणि पाणी हा जुना प्रकार पावसाळ्यात ठेवलात तर बुरशी नक्की. सादळलेला सिगार दाबला की मऊ लागतो, ओढ घट्ट होते आणि एका बाजूने जळतो. गाभा फुगून बाहेरचं पान फाटलं तर ते सांधत नाही.

सिगारमध्ये पडणारा किडा मात्र ओलीपेक्षा उष्णतेचा दोस्त. दोन-तीन मिमीचा, तांबूस, पाठ वाकलेला. हळकुंडांत आणि सुंठीत पडतो तोच. अंडी पानातच असतात आणि खोली 24-25 अंशांच्या वर राहिली की भराभर फुटतात. टाचणीएवढं गोल भोक आणि खाली बारीक भुकटी दिसली, की सगळाच साठा बाहेर काढा. सीडरच्या वासाने तो मरत नाही. सिगार दोन झिपच्या पिशव्यांत, हवा काढून बंद करा. एक दिवस फ्रीजमध्ये, चार दिवस उणे 18 च्या फ्रीझरमध्ये, पुन्हा एक दिवस फ्रीजमध्ये, मग खोलीत. पिशवी खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडायची नाही, नाहीतर पानावर पाणी धरतं. पहिली पायरी गाळली तर पानं तडकतात. बाहेरून आलेला प्रत्येक नवा सिगार आधी असाच फ्रीझरमधून काढावा, असं आमचं मत आहे. पेटी ठेवायची आतल्या भिंतीच्या कपाटात, सर्वांत खालच्या कप्प्यात. फ्रीजच्या डोक्यावर नाही. त्या कपाटात डांबराच्या गोळ्या नकोत.

सिगार वर्षानुवर्षं मुरवायचे, म्हणजे ठेवून जुने करायचे असतील तर हवा 62 ते 65 टक्के आणि 18 अंशांच्या आसपास. आपल्याकडे त्यासाठी वाइनचा फ्रीज लागतो. साधा पेल्टियरचा (कॉम्प्रेसरशिवाय, विजेच्या चकतीने थंड करणारा) असेल तर एप्रिल-मेच्या खोलीत तो हवा तेवढा थंड होत नाही, कॉम्प्रेसरचा घ्या. मात्र तो आतली हवा सुकवतो, त्यामुळे सिगार आत बंद खोक्यातच ठेवायचे. ताज्या वळलेल्या सिगारला अमोनियाचा वास येतो, तो जायला काही महिने लागतात, तोवर ओढू नये. सिगारवरचं सेलोफेन (पारदर्शक वेष्टन) काढायची गरज नाही, त्यातून ओल ये-जा करते. पिवळं पडलेलं सेलोफेन हीच वयाची खूण. क्युबाच्या खोक्याच्या तळाला महिना आणि वर्षाचा शिक्का असतो, स्पॅनिशमध्ये: ईएनई म्हणजे जानेवारी, एजीओ म्हणजे ऑगस्ट, डीआयसी म्हणजे डिसेंबर. मुरण्याचा हिशेब खरेदीपासून नाही, या शिक्क्यापासून धरा. कडक, जाड सिगार पाच वर्षांत सुधारतात. बारीक आणि सौम्य सिगार एवढे थांबवले तर शेवटी नुसता कागदाचा वास उरतो. ते दोन वर्षांच्या आत संपवा. सुगंधी सिगार असतील तर त्यांना वेगळा डबा.