दोन पांढरे, एक गुलाबी: ध्रुवीय पक्ष्यांच्या वहीची प्रगती

मागच्या नोंदीनंतर वहीत सोळा पानं वाढली. त्यातली पाच फाडून पुन्हा काढावी लागली, आणि पाचही हस्तिदंती कुरवाची, म्हणजे उत्तर ध्रुवाकडच्या पांढऱ्या सीगलची होती. सुरुवात तिथूनच करते, कारण फोटोंवरून कुरव काढणारे बरेच जण याच ठिकाणी चुकतात.

मोठे कुरव तीन-चार वर्षं टप्प्याटप्प्याने पिसारा बदलतात, हे डोक्यात घट्ट बसलेलं. म्हणून मी काळे ठिपके भरपूर असलेला पक्षी पहिल्या वर्षाचा, कमी असलेला दुसऱ्या, अगदी तुरळक असलेला तिसऱ्या वर्षाचा, अशी रांग लावली. ती साफ चुकीची निघाली. हस्तिदंती कुरव पहिल्या हिवाळ्यात ठिपक्यांचा असतो आणि दुसऱ्या हिवाळ्यापर्यंत पूर्ण पांढरा झालेला असतो. ठिपके कमी-जास्त असणं हा पक्ष्यापक्ष्यातला फरक आहे, वयातला नाही. आता एकाच पानावर पहिल्या हिवाळ्यातले सात पक्षी शेजारी शेजारी बसवलेत. एकाच्या फक्त पंखांच्या आणि शेपटीच्या टोकांना ठिपके, दुसऱ्याच्या खांद्यावर मोहरी सांडल्यासारखे. चोचीभोवती काजळी फासल्यासारखा चेहरा मात्र बहुतेकांचा. मोठ्या पक्ष्याच्या पानावर पांढऱ्यात फक्त तीन गोष्टी उरतात: काळे पाय, काळा डोळा आणि पिवळ्या टोकाची निळसर-करडी चोच. बाकी सगळं सावलीवर.

त्याच सुमारास अंटार्क्टिकातला समुद्रपक्षी, हिम पेट्रेल, काढायला घेतला. तोही पांढराशुभ्र, काळ्या डोळ्यांचा. नातं काहीच नाही, पण नावं बघा: कुरवाचं शास्त्रीय नाव पॅगोफिला, म्हणजे बर्फावर प्रेम करणारा, पेट्रेलचं पॅगोड्रोमा, म्हणजे बर्फावर धावणारा. दोघेही आपापल्या प्रजातीत (genus) एकटेच, दुसरी जातच नाही. हिम पेट्रेल काही दुर्मिळ नाही, पण कुरवाची वीण समजायला मला त्याचाच उपयोग झाला.

दोघांची वर्षचक्रं एकाच पानावर काढली, बाराबारा फाकांची. उत्तरेत कुरव जूनच्या शेवटापासून जुलैपर्यंत एक-दोन, क्वचित तीन अंडी घालतो आणि साधारण पंचवीस दिवस उबवतो. दक्षिणेत पेट्रेल नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये एकच अंडं घालतो आणि नर-मादी आळीपाळीने सहा-सात आठवडे त्यावर बसतात. कुरवाची पिल्लं उडून गेली की थोड्याच दिवसांत पेट्रेल आपल्या कड्यांवर परतू लागतात.

चक्रांच्या खाली घरट्यांच्या जागा मांडल्या तेव्हा खरी गंमत कळली. कुरव ग्रीनलँड, नॉर्वेचं स्वालबार्ड, कॅनडाचं एल्समिअर बेट अशा ठिकाणी नुनाटाकवर, म्हणजे हिमनदीतून वर आलेल्या डोंगरशेंड्यांवर घरटी करतो. सपाट खडीच्या बेटांवरही करतो. ईशान्य ग्रीनलँडजवळ तर खडीने झाकलेल्या तरंगत्या हिमखंडावर वसाहत सापडली आहे. कारण एकच, कोल्हा. ध्रुवीय कोल्हा पोचणार नाही अशी जागा हवी, मग अन्नासाठी कितीही लांब उडावं लागलं तरी चालेल.

दक्षिणेत जमिनीवरून येणारा शिकारी मुळीच नाही, तरी हिम पेट्रेल समुद्रापासून ४४० किलोमीटर आत जाऊन वीण करतो! तिथे भीती वरून असते, स्कुआ या शिकारी समुद्रपक्ष्याची. शिवाय अंडं ठेवायला उघडा, कोरडा खडक लागतो, आणि तो अंटार्क्टिकात मोजकाच.

या पेट्रेलच्या कपारीचा छेद काढायला मला तीन संध्याकाळी लागल्या, आणि आत्तापर्यंतचं वहीतलं सर्वांत आवडतं पान हेच. दगडी फटीत बारीक खडीवर तिरपा बसलेला पक्षी, पोटाखाली अंडं, गवताची काडीसुद्धा नाही. कुणी जवळ आलं तर तो पोटातलं केशरी, उग्र वासाचं तेल थुंकतो. ते तेल कपारीच्या तोंडाशी साचून मेणासारखा थर होतो, त्यावर पुढच्या वर्षीचा, त्यावर पुढच्या पिढीचा. या थरांना मुमियो म्हणतात. कार्बन-कालमापनात काही थर ३०,००० वर्षांहून जुने ठरले आहेत. मी थर पिवळ्यापासून तपकिरीपर्यंत सात छटांत रंगवले. त्याच फटीत तेवढी वर्षं कुणी ना कुणी अंडं उबवत आलंय, हे रंगवताना हात आपोआप हळू झाला.

कुरवाच्या पानावर एक वाईट नोंदही करावी लागली. कॅनडात १९८०च्या दशकापासून त्याची संख्या सुमारे ८० टक्क्यांनी घटली आहे. संग्रहालयांत जपलेली १८७७ ते २००७ या काळातली पिसं तपासली तेव्हा त्यांतला मिथाइल पारा ४५ पट वाढलेला आढळला. आहार बदलल्याची खूण मात्र पिसांत दिसली नाही. खाणं तेच, विष नवं. ही नोंद मी पिसाच्या चित्राशेजारीच लिहिली, वेगळ्या पानावर नाही.

गुलाबी पक्षी अर्धाच झालाय. रॉसचा कुरव १८२३ मध्ये ब्रिटिश दर्यावर्दी जेम्स क्लार्क रॉसला कॅनडाच्या मेलव्हिल द्वीपकल्पावर मिळाला, पण त्याच्या विणीचा मुख्य प्रदेश कळायला १९०५ उजाडलं. रशियन पक्षितज्ज्ञ सर्गेई बुतुर्लिनला तो सैबेरियात कोलिमा नदीच्या त्रिभुज प्रदेशात, दलदलीतल्या गवताच्या उंचवट्यांवर सापडला. तब्बल ८२ वर्षं लोक हा पक्षी बर्फात शोधत होते! घरटं झालं, बहुधा तीनच असणारी ऑलिव्ह-हिरवी अंडी झाली, गळ्यातली काळी कंठी झाली. चक्र मात्र अडलंय. पिल्लं उडाली की बहुतेक पक्षी दक्षिणेला जातात, हे कुरव आधी उत्तरेकडे बर्फाच्या कडेला जातात. सप्टेंबरच्या शेवटी नि ऑक्टोबरात अलास्काच्या पॉइंट बॅरोवरून हजारोंनी पुढे सरकतात, तेही पूर्वेला. माझे सगळे बाण खाली जाणारे काढलेले आहेत, त्यामुळे आखणी नव्याने करतेय.

पोटाचा गुलाबी रंगही जमलेला नाही. आधी कागदावर गुलाबी देऊन वर पांढरा ओढला तर मातकट होतो. आता उलटं करून बघतेय: कागद कोरा ठेवायचा, ओला करायचा आणि फक्त छातीच्या कडेला एक थेंब सोडायचा. दोन तुकडे वाळत ठेवलेत.